तबकडीवरची वर्षं

एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ कानाशी धरलं तर सेकंदाला पाच ठोके ऐकू येतात. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. आपल्या पुराणांनी कलियुगाची वर्षंही तेवढीच सांगितली आहेत. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो लक्षात आल्यापासून मी या आकड्याकडे जरा आदरानेच पाहतो. वर्षभरात हे ठोके पंधरा कोटींच्या वर जातात आणि त्यांना लागणारी सगळी ताकद रोज सकाळी आपल्या अंगठ्यातून आणि तर्जनीतून येते. नीट राखलेलं असं घड्याळ दिवसाकाठी वीसेक सेकंद पुढे जातं किंवा मागे पडतं. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ते ९९.९७ टक्क्यांहून अधिक बरोबर असतं. विजेचा किंवा सेलचा आधार न घेता इतकी अचूक राहणारी दुसरी वस्तू आपल्या घरात शोधून सापडणार नाही.

हे पुस्तक अशा चावीच्या घड्याळांबद्दल आहे. ती कशी ओळखायची, कशी पारखायची, कशी सांभाळायची आणि मुळात ती का जमवायची, हे त्यात सांगितलं आहे. या प्रस्तावनेत मला मुख्यतः शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. पण त्याच्या आड दुसरा एक प्रश्न उभा आहे. कोणत्या घड्याळाला ‘व्हिंटेज’ म्हणायचं आणि कोणतं नुसतं जुनं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाती लागलं की पहिल्याचं बरंचसं आपोआप सापडतं, असा माझा अनुभव आहे.

आधी घड्याळाच्या आत डोकावू. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असं छापलेलं असतं, त्यावरून आत काही मौल्यवान ऐवज असावा असा समज अजून ऐकू येतो. ती माणकं खरी असतात, पण प्रयोगशाळेत घडवलेली. ओग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक बनवण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळांतलं माणिक स्वस्त झालं. धातूवर धातू घासला की झीज होते; कडक, गुळगुळीत माणकात आस फिरला की ती फारशी होत नाही, एवढंच त्याचं काम. बॅलन्स व्हीलला मागेपुढे झुलवणारी हेअरस्प्रिंग ही त्याहून नाजूक गोष्ट. साध्या पोलादाची स्प्रिंग उन्हाळ्यात सैलावते, हिवाळ्यात ताठरते आणि घड्याळाची चाल बिघडते. शार्ल एद्वार गियोम याने निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की ज्यांवर तापमानाचा परिणाम नगण्य होतो. त्या कामाबद्दल त्याला १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅलन्सच्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी बारीक. घड्याळ हातातून पडलं की पूर्वी ती मोडायचीच. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ मध्ये इन्काब्लॉक ही धक्का झेलणारी रचना आली. जपानच्या सिटिझनने आपली पॅराशॉक काढली. ‘जनता’च्या तबकडीवर तेच नाव बारीक अक्षरांत दिसतं, कारण एचएमटीला घड्याळं करायला सिटिझननेच शिकवलं.

सरकारी कारखान्यात तयार झालेल्या, कारकुनाला परवडणाऱ्या एका घड्याळात रसायनशास्त्र, धातुशास्त्र आणि भौतिकशास्त्र अशी एकत्र नांदतात. आणि हे सगळं एका माणसाला, एका टेबलाशी बसून, भिंग आणि चिमट्याच्या साह्याने संपूर्ण सुटं करता येतं, साफ करता येतं, पुन्हा जोडता येतं. जुन्या घड्याळाची ओढ मला तरी इथूनच लागली. त्यात झाकलेलं काही नाही. ज्याला शिकायचं आहे त्याला ते शिकू देतं.

आता ‘व्हिंटेज’चा हिशेब. बाजारात ढोबळ नियम असा की शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक आणि पंचवीस-तीस वर्षांच्या पुढचं ते व्हिंटेज. कुणी वीस म्हणतो, कुणी चाळिसाच्या खाली उतरायला तयार नसतो. शंभर वर्षांच्या रेषेला आपल्याकडे कायद्याचाही आधार आहे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू निदान शंभर वर्षांची असेल तर ती पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांचं खिशातलं घड्याळ परदेशी लिलावाला पाठवायचा विचार करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी ती यासाठी. पंचवीस-तीसच्या रेषेला मात्र असा कुठलाच आधार नाही. शिवाय ती दरवर्षी पुढे सरकते. तेवढ्यावर विसंबलं तर १९९०च्या दशकातलं एखादं फुकट वाटलेलं जाहिरातीचं प्लास्टिकचं घड्याळही आज व्हिंटेज म्हणावं लागेल. व्यापाऱ्यांनी १९८० ते २००० या काळातल्या घड्याळांसाठी ‘निओ-व्हिंटेज’ असा वेगळा कप्पाही काढला आहे. विकणाऱ्याला कप्पे सोयीचे असतात. जमवणाऱ्याने त्यांत फार अडकू नये.

माझ्या मते वयापेक्षा घडण महत्त्वाची. घड्याळांच्या इतिहासात एक भेग स्पष्ट दिसते आणि तिची तारीखही ठाऊक आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवलं. किंमत साडेचार लाख येन. तेवढ्यात छोटी मोटार येत असे. पण पुढच्या पंधरा वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्विस घड्याळउद्योग कोसळला. १९७०च्या सुमारास तिथे ९० हजारांच्या आसपास माणसं या धंद्यात होती. १९८०च्या दशकाच्या मध्याला ती ३० हजारांहून थोडी अधिक उरली. कारखान्यांनी जुनी यंत्रं भंगारात काढली. १९७५च्या सुमारास झेनिथ कंपनीच्या मालकांनी यांत्रिक घड्याळांचं उत्पादन थांबवून अवजारं विकून टाकायचं ठरवलं, तेव्हा शार्ल व्हर्मो नावाच्या तिथल्या तंत्रज्ञाने ‘एल प्रिमेरो’ या यंत्राचे साचे, पंच, आराखडे एकेक करून कारखान्याच्या माळ्यावर नेले आणि दडवून ठेवले. १९८०च्या दशकात त्या यंत्राला पुन्हा मागणी आली. माळ्यावरचा तो ऐवज नसता तर ते पुन्हा करणं कंपनीला जवळजवळ अशक्य होतं. पुढे रोलेक्सने आपल्या डेटोनासाठी तेच यंत्र घेतलं. संग्राहकांच्या जगात लिलावांत कोट्यवधी मोजणाऱ्यांची नावं घेतली जातात. मला व्हर्मो त्या सगळ्यांहून मोठा संग्राहक वाटतो.

या भेगेच्या आधीचं घड्याळ विकत घेतलं जायचं तेव्हा ‘वेळ पाहण्याचं दुसरं चांगलं साधन’ असं काही अस्तित्वातच नव्हतं. त्यावर माणसाची गाडी, शाळा, पाळी, परीक्षा अवलंबून असायची. आजची यांत्रिक घड्याळं उत्तम आहेत, काही तर पूर्वीच्यांपेक्षा अचूक आहेत, पण ती हौसेची आहेत. जुनी गरजेची होती. गरजेने घडलेल्या वस्तूचा आकार, तिच्यातली काटकसर, तिच्या अंकांची सुवाच्यता वेगळी असते. व्हिंटेज ओळखायला मी आधी हे पाहतो, मग वर्ष मोजतो.

मात्र ही भेग सगळीकडे एकाच वर्षी पडली नाही आणि भारतीय संग्राहकासाठी खरी गंमत इथे सुरू होते. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये सुरू झाली. तिने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं करायला घेतली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथेही कारखाने झाले. ‘जनता’, काळ्या तबकडीचं ‘पायलट’, पातळ सोनेरी ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘जवान’, बायकांसाठी ‘सुजाता’, आणि आपोआप चावी भरणारं ‘कांचन’, जे जावयाच्या मानपानात मागून घेतलं जायचं. अंधांसाठी काच उघडणारं, उठावाच्या ठिपक्यांचं ब्रेल घड्याळही एचएमटीने केलं. काही तबकड्यांवर नाव देवनागरीत आहे आणि अंकही देवनागरी. बाराच्या जागी ‘१२’ असलेली ती पांढरी तबकडी पाहिली की मराठी माणसाला ती वाचायला क्षणभरही थांबावं लागत नाही. या तबकड्यांची नक्कल आज खूप होते, त्यामुळे पुस्तकात त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण ठेवलं आहे.

टाटांच्या टायटनने १९८७ मध्ये क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आणली आणि इथली भेग तेव्हा पडली. टोकियोतल्या ‘ॲस्ट्रॉन’नंतर जवळजवळ दोन दशकांनी. पण एचएमटीने चावीची घड्याळं करणं तेव्हाही थांबवलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्याच्या थोडं आधीपर्यंत तीच जुनी यंत्रं नव्या घड्याळांत बसत होती. म्हणजे १९७०च्या आसपासचं ‘जनता’ आणि २०१०च्या नंतरचं ‘जनता’ शेजारी ठेवलं तर आतला जीव जवळपास एकच. मग दुसऱ्याला व्हिंटेज म्हणायचं का?

या प्रश्नावर संग्राहकांत कडाक्याचे वाद होतात. माझं उत्तर असं: शेवटच्या काळातलं घड्याळ जुन्या रीतीचं आहे, जुनं नाही. ते घ्यावं, वापरावं, नवशिक्याने तर आधी तेच घ्यावं, कारण ते स्वस्त असतं आणि बिघडलं तरी सुटे भाग मिळतात. पण १९७० मधल्या घड्याळाने जे भोगलं ते याने भोगलेलं नाही. विकताना ‘व्हिंटेज एचएमटी’ म्हणून याची किंमत दुप्पट लावणं मला पटत नाही. कारखाना बंद होणार ही बातमी पसरली तेव्हा दुकानांत उरलेली घड्याळं हा हा म्हणता संपली आणि दर चढले. त्यात प्रेम किती आणि साठेबाजी किती, हे सांगणं अवघड आहे.

एचएमटीच्या आधीचा भारतातला बाजार स्विस होता आणि त्याचं एक मोठं केंद्र मुंबई होतं. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच जन्मली. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनत आणि विकली जात इथे. तिचं ‘सोवार प्रायमा’ लष्करातल्या माणसांच्या हातावर असे. फेव्हर-लूबाचा मूळ वारसा १७३७ पासूनचा, आणि मुंबईत तिचा व्यापार १९व्या शतकातच सुरू झाला होता. ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही तिची नावं जुन्या घरांतून आजही ऐकू येतात. २०११ मध्ये टायटनने ही कंपनीच विकत घेतली होती. मराठी मध्यमवर्गाच्या घरात जुनं स्विस घड्याळ निघालं तर ते बहुधा या दोघांपैकी एखाद्याचं असतं. जिनिव्हाच्या लिलावांत त्यांना फारसा भाव नाही. त्यामुळे पगारदार माणसाला अजून ती घेता येतात, आणि मला वाटतं मराठी संग्राहकाने सुरुवात इथूनच करावी.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. परदेशी घड्याळ ही किती हवीहवीशी वस्तू होती याचा पुरावा कायद्याच्या पुस्तकातच आहे. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२३ नुसार, चोरटी आयात केल्याच्या संशयाने जप्त केलेला माल तसा नाही, हे ज्याच्याकडे तो सापडला त्याने सिद्ध करायचं. हा नियम कशाला लागू हे सांगताना त्यात सोन्याच्या लगोलग घड्याळांचं नाव घेतलं आहे. घड्याळं चोरून येत राहिली, पण त्यांचे सुटे भाग तेवढ्या सहज येत नव्हते. ज्याच्याकडे चालू घड्याळ होतं त्याला ते चालूच ठेवायचं होतं, कारण नवं मिळणार नव्हतं. ही जबाबदारी आली घड्याळजीवर. त्याने एका घड्याळाचं चक्र दुसऱ्यात बसवलं, मोडलेला आस लेथवर नवा घडवला, दमट हवेने काळवंडलेली तबकडी रंगाऱ्याकडून पुन्हा छापून घेतली. एचएमटी, फेव्हर-लूबा, सेको सगळ्यांवर हे प्रयोग झाले. दोन-तीन पिढ्यांच्या या कसबामुळे आपल्याकडे इतकी जुनी घड्याळं आज जिवंत आहेत.

आणि याच कसबातून पुढे ती गोष्ट निघाली, जिला जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे नाव आपल्या शहराला लागलं याचं मला वाईट वाटतं, पण ते लपवून उपयोग नाही. जुन्या यंत्राभोवती कुठली तरी बॉडी, त्यावर नव्याने छापलेली भडक निळी, केशरी किंवा हिरवी तबकडी, तिसऱ्याच घड्याळाचे काटे, आणि ‘अस्सल व्हिंटेज’ म्हणून विक्री. काहींवर एखाद्या सैन्यदलाचं चिन्हही छापतात आणि ते घड्याळ युद्धातून आल्याची कहाणी सोबत देतात. अशी घड्याळं गेली बरीच वर्षं भारतातून जगभर गेली आहेत आणि जगभरच्या नवशिक्यांनी त्यांत पैसे घालवले आहेत.

ती ओळखायला फार अवजारं लागत नाहीत. भिंग आणि सवय पुरे. मूळ तबकडीवरची अक्षरं बारीक, कडा धारदार, शाईला किंचित उठाव. नव्याने छापलेलीत अक्षरं जाड, कुठे फुटलेली, कुठे पसरलेली. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. ज्या तबकडीवर तारखेची खिडकी नव्हतीच तिथे ती कापलेली दिसते, किंवा उलट. सेकंदाचा काटा आखणीपर्यंत पोचत नाही. बॉडीच्या कडा इतक्या घासलेल्या असतात की मूळची धार बोटाला लागत नाही. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे वयाची विसंगती: मागचं झाकण घामाने खाल्लेलं, पट्टा अडकवायच्या खाचा झिजलेल्या, आणि तबकडी मात्र काल छापल्यासारखी कोरी.

पण इथे एक भेद करायलाच हवा आणि परदेशी पुस्तकं तो करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने पुन्हा छापलेली तबकडी म्हणजे मूल्य संपलं. मला हे मान्य नाही. १९७२ साली एखाद्या मास्तरांनी आपल्या वेस्ट एंडची डागाळलेली तबकडी घड्याळजीकडून पुन्हा रंगवून घेतली आणि मग ते घड्याळ आणखी वीस वर्षं वर्गात वापरलं, तर ती दुरुस्ती त्या घड्याळाच्या आयुष्याचा भाग आहे. त्यात फसवणूक कुठेच नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा विक्रीसाठी म्हणून घड्याळाला खोटं पूर्वायुष्य दिलं जातं. दोन्हींत वापरलेला रंग एकच असेल, रंगवणाराही एकच असेल. तरी माझ्या संग्रहात पहिल्याला जागा आहे आणि दुसऱ्याला नाही. आणि पहिलं विकायची वेळ आली तर ‘तबकडी पुन्हा छापलेली आहे’ हे मी आधी सांगेन, मागाहून विचारल्यावर नाही.

तबकडीला इतकं महत्त्व का, हेही सांगायला हवं. यंत्र साफ करता येतं, काच बदलता येते, पट्टा तर बदलण्यासाठीच असतो. तबकडी मात्र एकदाच जन्मते. तिच्यावर काळ जे करतो ते परत फिरवता येत नाही. काही काळ्या तबकड्या उन्हाने तपकिरी होतात. संग्राहक त्यांना ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि त्यांना जास्त भाव देतात. मूळचा दोष असा गुण ठरतो. पण आपल्या किनारपट्टीवर, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, पावसाळ्याची दमट हवा तबकडीला तपकिरी करत बसत नाही. ती लाखेखाली शिरते, फोड आणते, काट्यांना गंज चढवते. वयाची झाक आणि कुजणं यांतला फरक शिकायला वेळ लागतो. एकसारखा उतरलेला रंग ही झाक; ठिपक्याठिपक्यांनी पसरणारा डाग हा आजार. दुसऱ्याला ‘पॅटिना’ म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहावं.

अंधारात चमकणाऱ्या अंकांबद्दल तर मी वाचकाला हात जोडून सांगतो. १९६०च्या दशकापर्यंत अनेक घड्याळांवर खरं रेडियम लावलं जाई. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं. त्याची चमक केव्हाच गेलेली असते, कारण चमकणारा झिंक सल्फाइडचा लेप जळून गेलेला असतो. किरणोत्सर्ग मात्र जवळजवळ तेवढाच शिल्लक. अमेरिकेत १९२०च्या दशकात असे अंक रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशाचं टोक ओठांनी जुळवत, आणि त्यांतल्या कित्येक जबड्याच्या हाडाच्या रोगाने गेल्या. त्यानंतर आलेलं ट्रिटियम फार सौम्य, अर्धायुष्य १२ वर्षांच्या थोडं वर. १९९०च्या दशकाअखेरीस तेही मागे पडलं. स्विस तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना ‘टी’ अक्षर दिसलं तर ते ट्रिटियम समजावं. रेडियमचं घड्याळ बंद काचेत असेपर्यंत फार भिण्याचं कारण नाही. पण ते घरी उघडू नये, तो लेप खरवडू नये, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये, आणि लहान मुलांच्या हाती तर कधीच देऊ नये.

मागच्या झाकणाकडे नवे संग्राहक पुरेसं पाहत नाहीत. आपल्याकडे बँका, रेल्वे, गिरण्या, शाळा निवृत्तीला किंवा पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल घड्याळ देत आणि मागे नाव, वर्ष कोरून घेत. मॅट्रिक झालेल्या मुलाला वडील देत, लग्नात सासरे देत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात अशी नावं असलेली घड्याळं टोपलीत पडलेली दिसतात, आणि विक्रेता मोठ्या अभिमानाने सांगतो की नाव घासून काढून देतो. कृपा करून काढू देऊ नका. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांना गेलं; मनगटी घड्याळासाठी तोवर कधीच इतकी किंमत आली नव्हती. त्याच्या मागच्या झाकणावर पत्नीने कोरून घेतलं होतं की गाडी जपून चालव. त्या ओळीशिवाय ते घड्याळ दुसऱ्या डेटोनांसारखंच होतं. आपल्याकडच्या एखाद्या गिरणीतल्या जॉबरचं नाव लिलावात एक रुपयाही वाढवणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्याच्या नावासकट ते घड्याळ मला नावाशिवायच्या घड्याळापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

बायकांच्या घड्याळांकडे आमच्या जमातीने केलेलं दुर्लक्ष मला सतत खटकतं. ‘सुजाता’सारखी घड्याळं एवढीशी, की त्यांतलं यंत्र नखावर मावेल. ज्या कारागिराने ती चालती ठेवली त्याचा हात मोठ्या घड्याळवाल्यापेक्षा वरचढ. पण आज मनगटावर मोठं घड्याळ हवं, म्हणून ती स्वस्तात जातात, त्यांचे सोन्याचा मुलामा दिलेले पट्टे वितळवायला जातात, आणि दुरुस्तीला घेणारेही कमी होत चालले आहेत. शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन ऑपरेटर म्हणून पहिल्यांदा पगार मिळवणाऱ्या बायकांच्या हातावर हीच होती. त्यांचा संग्रह करणारा कुणी तरुण वाचक या पुस्तकातून निघाला तर माझं काम झालं.

आता पुस्तकाबद्दल थोडं. पहिल्या भागात यंत्र कसं चालतं ते चित्रांसह आहे. तो वगळून पुढे गेलात तर किमतींचा भाग समजणार नाही, कारण किमती यंत्रावरून आणि अस्सलपणावरून ठरतात. दुसरा भाग भारतात वापरल्या गेलेल्या घड्याळांचा आहे. तिसरा पारखण्याचा. लाँजिन्ससारख्या काही कंपन्या क्रमांकावरून आपल्या नोंदवह्यांतून घड्याळाचं जन्मवर्ष सांगतात. अशा सोयी कुठे आहेत आणि त्यांना काय लिहून विचारावं, तेही तिथे आहे. भाव मात्र कुठेही दिलेले नाहीत. ते पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात, आणि भावाकडे पाहून घड्याळ निवडणाऱ्याला घड्याळ दिसतच नाही असं मी अनेकदा पाहिलं आहे.

शेवटचा भाग घड्याळजींचा. भिंग डोळ्याला लावून, फुटपाथवरच्या काचेच्या पेटीमागे किंवा जिन्याखालच्या जागेत बसणारी ही माणसं झपाट्याने कमी होत आहेत, आणि त्यांच्या मुलांनी मोबाइल दुरुस्ती धरली आहे. हे कसब पुस्तकातून शिकता येत नाही. शेजारी बसून, वर्षानुवर्षं पाहून शिकावं लागतं. व्हिंटेज घड्याळ म्हणजे ज्याला दुरुस्त करणारा अजून हयात आहे असं घड्याळ, असंही मी म्हणेन; तो गेला की तबकडी असलेली एक धातूची डबी उरते. म्हणून संग्रहावर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा घड्याळ घेण्यावर न जाता साफसफाई आणि दुरुस्तीवर जावा, आणि घड्याळजीशी घासाघीस करू नये. तो मागतो तेवढे पैसे त्याच्या वर्षांचे असतात. जुन्या घड्याळांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक तारखा, आद्याक्षरं सापडतात; प्रत्येक दुरुस्तीची ती नोंद असते. आपल्या घड्याळजीलाही तशी खूण करायला सांगावं.

हे वाचून उत्साहात लगेच बाजारात जाऊ नका. आधी घरात शोधा. आजोबांचं, आत्याचं, कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ कपाटाच्या खणात बहुधा असतं. ते सापडल्यावर पहिल्यांदा होणारी चूक म्हणजे चावी फिरवून पाहणं. तसं करू नका. तीस-चाळीस वर्षांत आतलं तेल वाळून घट्ट झालेलं असतं, त्यात धूळ मिसळलेली असते, आणि त्या अवस्थेत चक्रं फिरली की माणकांतले आस घासले जातात. ते मऊ कापडात गुंडाळा, कुणाचं होतं आणि कोणत्या सालचं असावं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा, तो कागद घड्याळाबरोबर ठेवा आणि दोन्ही घेऊन घड्याळजीकडे जा. त्याला साफ करून तेल घालायला सांगा. तबकडीला हात लावू नका आणि बॉडीला पॉलिश करू नका, हेही आधीच सांगा; नाही सांगितलं तर तो चांगल्या मनाने दोन्ही करून देईल.

घड्याळ परत आल्यावर रोज साधारण एकाच वेळी चावी द्या. अडल्यासारखं वाटलं की थांबा, जोर लावू नका. तारीख असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान ती हाताने बदलू नका, त्या वेळात आतली चक्रं तारीख ढकलायच्या तयारीत एकमेकांत गुंतलेली असतात. पाण्यापासून दूर ठेवा, मागे काहीही लिहिलेलं असो, आणि पावसाळ्यात बाहेर जाताना दुसरं घड्याळ घाला. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा चुंबकाच्या झाकणाच्या पाकिटावर ते ठेवू नका. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की घड्याळ एकदम पुढे पळू लागतं. तसं झालंच तर घाबरण्याचं कारण नाही, घड्याळजीकडे चुंबकत्व उतरवायचं यंत्र असतं आणि कामाला दोन मिनिटं लागतात.